हशा पिकायला थिएटर भरलेलं लागतं

मराठी सिनेमाला स्क्रीन मिळत नाहीत, हा वाद महाराष्ट्रात दर काही महिन्यांनी पेटतो. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइमला मराठी चित्रपट लावण्याची सक्ती केली, त्यावर गदारोळ झाला आणि ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल करण्यात आली. म्हणजे भर दुपारी १२ चा खेळ लावला तरी नियम पाळला! रोमँटिक कॉमेडीचा जीव जातो तो इथेच. रहस्यपट रिकाम्या थिएटरातही पाहता येतो, पण लाजत-भांडत प्रेमात पडणारं जोडपं पाहताना शेजारच्या खुर्चीतून हसू यावं लागतं. पन्नास स्क्रीनवर दुपारचे खेळ मागण्यापेक्षा दहाच स्क्रीन मागा, पण शुक्रवार ते रविवार संध्याकाळी सातचा खेळ मागा, असं अमेरिकेतून स्पष्ट दिसतं.

कारण इथे अमेरिकेत मराठी सिनेमाचा बहुतेक वेळा एकच खेळ असतो. गावातलं महाराष्ट्र मंडळ रविवार दुपारसाठी पडदा भाड्याने घेतं, तिकिटं आधीच खपतात, आजीपासून नातवापर्यंत सगळे येतात. तो एक खेळ नीट वठवायला काय काय लागतं, हे ज्यांनी केलंय त्यांना पाठ असतं. सिनेमा हार्ड डिस्कवर येतो, बऱ्याचदा शंभर-दोनशे जीबीचा. तो थिएटरच्या सर्व्हरवर उतरवायलाच तासभर किंवा जास्त जातो, म्हणून डिस्क आदल्या दिवशी पोचलेली बरी. सिनेमा उघडणारी डिजिटल किल्ली ठरावीक सर्व्हरपुरती आणि ठरावीक तासांपुरतीच चालते. थिएटरने ऐनवेळी दुसरा हॉल दिला, तर ती किल्ली तिथे लागत नाही. किल्लीची मुदत भारतीय वेळेनुसार मागितली की घोटाळा ठरलेलाच. मागे-पुढे एकेक दिवस जास्त मागून घ्यावा.

आवाजाचंही तसंच. चाचणी रिकाम्या हॉलमध्ये होते, तेव्हा आवाजाच्या बटणावरचा पाचचा आकडा ठीक वाटतो. माणसं बसली की अंगावरचे कपडे आवाज शोषतात, शिवाय हशात पुढचं वाक्य बुडतं. विनोदी सिनेमाला अर्धा पॉइंट वर ठेवावा.

खरी कसोटी सबटायटल्सची. इथली पुढची पिढी मराठी ऐकते, पण वाचते इंग्रजी. दोन ओळी, ओळीला चाळीसेक अक्षरं, यापलीकडे डोळा पोचत नाही. नट थांबतो, बघतो आणि मग शेवटचा शब्द टाकतो. पण सबटायटल अख्खं वाक्य आधीच दाखवून मोकळं होतं. अर्धा हॉल आधी हसतो, अर्धा नंतर, आणि विनोद मधेच मरतो. वाक्य त्या थांब्यावर तोडून दोन तुकड्यांत दाखवलं तर हशा एकत्र फुटतो. संकलनाच्या टेबलावर दोन दिवसांचं काम आहे हे, पण ते होत नाही.

आणि 'तुम्ही'चं 'तू' होणं! मराठी प्रेमकथेतला हा सगळ्यात नाजूक क्षण. इंग्रजीत दोन्हीला एकच 'यू', म्हणजे तो क्षण पडद्यावर असून नसल्यासारखा. चांगला सबटायटलकार आधीच्या भेटींत मोजूनमापून, पूर्ण वाक्यं देतो आणि 'तू' आल्यावर तोडकी, घरगुती. पुण्यातलं दुकान दुपारी एक ते चार बंद, यावरचा विनोद मात्र समजावायला जाऊ नये. कारण देईपर्यंत प्रसंग पुढे गेलेला असतो.

२०१० च्या 'मुंबई-पुणे-मुंबई'त सतीश राजवाडे यांनी स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे या दोघांवर, एका दिवसाच्या गप्पांवर अख्खा सिनेमा उभा केला. ना परदेशी गाणी, ना मोठा सेट. अशा सिनेमाला जाहिरातीपेक्षा पहिल्या तीन दिवसांतली भरलेली संध्याकाळ हवी. निर्मात्यांनी वितरकाशी करार करतानाच तेवढी अट घालावी, आणि परदेशात पाठवायच्या डिस्कवर तपासलेली सबटायटल्स आहेत ना, हे प्रदर्शनाच्या किमान पंधरा दिवस आधी एखाद्या मराठी न वाचणाऱ्या तरुणाला बसवून पाहून घ्यावं. तो कुठे हसतो आणि कुठे नाही, त्याची वेळ मिनिट-सेकंदात लिहून घ्यावी.