माया आहे, भरवसा कुठे आहे?

दर मार्चमध्ये जागतिक आनंद अहवाल येतो आणि आपल्याकडे तोच वाद नव्याने पेटतो. २०२५च्या यादीत फिनलंड सलग आठव्यांदा पहिला, भारत १४७ देशांत ११८वा. एक बाजू म्हणते, आम्ही माणसांत राहणारी माणसं, ही यादीच खोटी. दुसरी म्हणते, तिकडे सरकार सगळं देतं, मग सुखी नसतील तर काय? मी फिनलंडमध्ये राहते, आणि इथली तरुण मुलं पाहिली की दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात.

इथली खरी श्रीमंती म्हणजे अनोळखी माणसावरचा भरवसा. २०१३ साली रीडर्स डायजेस्टने जगातल्या १६ शहरांत प्रत्येकी १२ पाकिटं मुद्दाम हरवू दिली. हेलसिंकीत ११ परत आली. दुसरा नंबर कोणाचा? मुंबईचा, १२ पैकी ९! चाचणी लहानशीच होती, पण आपल्या वादात हा आकडा कधी कोणी काढत नाही याचं मला वाईट वाटतं. घराबाहेर पडणाऱ्या मुलाला आपण बजावून पाठवतो, ‘कोणावर पटकन विश्वास टाकू नकोस.’ ते बजावणं मुलं खरंच मनावर घेतात.

पण पाकीट परत मिळालं म्हणजे एकटेपणा गेला असं नाही. इथे मुलं साधारण एकविशीत घर सोडतात, आणि देशातल्या जवळपास निम्म्या घरांत एकच माणूस राहतो. भाड्याची सोय सरकार करू शकतं. रात्री ताप चढला तर उशाशी कोण बसणार, याची सोय त्याला करता येत नाही. आणि हे फक्त इथलं दुखणं नाही. अडचणीत हमखास धावून येईल असं कोणी आहे का, या प्रश्नाला २०२३मध्ये जगभरातल्या १९ टक्के तरुणांनी ‘कोणीच नाही’ असं उत्तर दिलं. २००६च्या तुलनेत हे प्रमाण ३९ टक्क्यांनी वाढलंय.

‘आमच्या मुलांना तरी आम्ही आहोत ना,’ असं आपण यावर पटकन म्हणतो. माझ्या ओळखीचा एक मराठी मुलगा इथे मास्टर्स करतो. रविवारी घरी व्हिडिओ कॉल असतो. त्याआधी तो दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि खोलीचा कॅमेऱ्यात दिसेल तेवढा कोपरा आवरतो. दोन विषय राहिलेत, अर्धवेळ काम सुटलंय, हे घरी कोणालाच माहीत नाही. ‘कर्ज काढून पाठवलंय त्यांनी, कुठल्या तोंडाने सांगू?’ त्या घरात माया कमी नाही, ती माणसं त्याच्यासाठी जीव टाकतील. पण अपयश सांगूनही आपण त्यांच्या नजरेतून उतरणार नाही, ही खात्री त्याला नाही. मग अडचणीत धावून येणारी माणसं असूनही त्यांना हाक मारली जात नाही.

म्हणून ‘कुटुंब की व्यक्तिस्वातंत्र्य’ हे भांडण मला निरर्थक वाटतं. तरुण माणसाला दोन्हीकडचा भरवसा लागतो, घरातल्यांचा आणि परक्यांचाही. त्यातला परक्यांचा वाढवणं वाटतं तितकं अवघड नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधकांना असं दिसलं की आपले सोबती प्रत्यक्षात जितके प्रेमळ आणि मदतीला तयार असतात, त्याहून बरेच कमी आहेत असं विद्यार्थी धरून चालतात. मग त्यांनी वसतिगृहांत पोस्टर लावली: तुमच्याबरोबर राहणाऱ्या मुलांनी स्वतः दिलेली ही उत्तरं वाचा, त्यांना मैत्री हवी आहे, मदत करायला आवडते. ती वाचून मुलं आपणहून बोलायला पुढे येऊ लागली.

आपल्या वसतिगृहांत हे याच वर्षी करता येईल. मुलांना निनावी प्रश्न विचारायचे आणि आलेली उत्तरं जिन्यात, सगळ्यांना दिसतील अशी लावायची. पहिला प्रश्न मी हा ठेवेन: शेजारच्या खोलीतल्या मुलाने रात्री दोन वाजता दार ठोठावलं, तर तुम्ही उघडाल का?