खुलासा : ॲनिमेशनपट ‘सर्वोत्कृष्ट चित्रपट’ होऊ शकत नाही?

‘ॲनिमेशनला ऑस्करमध्ये वेगळा विभाग मिळाला, तेव्हापासून त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी स्पर्धेत उतरताच येत नाही’ असा एक संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. असा कुठलाही नियम नाही.

हा विभाग २००१च्या चित्रपटांपासून सुरू झाला. त्याआधी १९९१च्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ला मुख्य नामांकन मिळालं होतं. विभाग आल्यानंतरही २००९चा ‘अप’ आणि २०१०चा ‘टॉय स्टोरी ३’ त्या यादीत होते. मात्र तेव्हा यादी पाचावरून दहावर नेली होती, हे विसरू नये.

पण संदेशामागची तक्रार खोटी नाही. आजवर एकाही ॲनिमेशनपटाला हा मुख्य पुरस्कार मिळालेला नाही. दिग्दर्शनाचं तर साधं नामांकनही नाही. चौकटीतली प्रत्येक सावली, प्रत्येक हालचाल दिग्दर्शकाला शून्यातून ठरवावी लागते, तरी ही अवस्था! अडचण नियमात नाही, मतदारांच्या सवयीत आहे. ॲनिमेशन म्हणजे मुलांचं काहीतरी, हा समज तिथे अजून घट्ट आहे. नामांकित चित्रपट पाहिल्याशिवाय अंतिम मत देता येणार नाही, ही अट ऑस्कर देणाऱ्या अकादमीने जाहीर केली तीसुद्धा २०२५ मध्ये. ती खूप आधी यायला हवी होती.