साहेबांची लेन्स आणि लेंग्याची नाडी

आमच्या ह्यांना पक्षीनिरीक्षणाचा नाद लागल्यापासून माझ्या रविवारचं पार वाटोळं झालंय. थंडी पडली की पहाटे चारला अलार्म, मग ते मातकट जॅकेट, सोन्याच्या भावाची ती लेन्स, आणि निघाले पुण्याहून भिगवणला, उजनीच्या पाण्यात फ्लेमिंगो बघायला. घरी मागच्या अंगणात चिमणी दिनाला, म्हणजे २० मार्चला, फीडर टांगून ठेवलाय, त्यात बाजरी भरायची मी, खायची कबुतरांनी, आणि चिमणी? नाव नको.

तर असाच एक रविवार, मी मागच्या दारात मटार सोलत बसलेली, कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या, आणि आंब्यावरून पांढरंशुभ्र काहीतरी सळसळत खाली आलं. मला वाटलं शेजारणीची ओढणी उडाली, पण ओढणीला काळं डोकं, वर तुरा आणि मागे लांबच लांब दोन फिती? स्वर्गीय नर्तक! तोही नर, तोही पांढरा (तांबूस नरही असतो, जेवताना आमच्याकडे दुसरा विषय नसतो त्यामुळे पाठ झालंय सगळं). फीडरकडे ढुंकून बघितलं नाही त्याने, हवेतले किडे पकडून खाणारा तो, बाजरीला कोण विचारतो. फांदीवरून सुळकन खाली, भांडी विसळायच्या टबात बुडी, की परत फांदीवर. मी श्वास रोखून मोबाईल काढतेय, तो मेला माझा चेहरा ओळखेना, आणि तेवढ्यात तिसरी शिट्टी.

फोटोत टब आला, दोरीवरचा ह्यांचा लेंगा आला आणि एक पांढरी रेघ आली.

दुपारी हे आले, धुक्यात काही दिसलं नाही म्हणून आधीच करवादलेले. फोटो झूम करून म्हणाले, "अगं ही लेंग्याची नाडी आहे."

पण पुढच्या रविवारी भिगवण कॅन्सल! साहेब जॅकेटबिकेट घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिक्सर लावायचा नाही, बोलायचं नाही, मोहरी तडतडते म्हणून फोडणीसुद्धा नाही. दहा वाजेपर्यंत नुसती कबुतरं.

मग भांडीवाल्या मावशी आल्या. "तो शेपटीवाला व्हय? रोज येतो की मी भांडी घासाया बसले की. घासल्याली भांडी शिंतडवतो, मी हाकलते त्याला."

आता हे रोज मावशींच्या वेळेला अंगणात लेन्स लावून बसतात, आणि मावशी मला म्हणतात, "ताई, सायबांना आत घ्या, नायतर माझा पगार वाढवा."