'टक' आवाज आला नाही, हे तुम्हीच लिहिलंय

चोपड्याच्या भाऊंना,

चालू कार्यक्रमात बेस गिटारच्या अ‍ॅम्पचा (आवाज मोठा करणाऱ्या पेटीचा) आवाज गेला तर काय करायचं, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलीच लांब प्रतिक्रिया लिहिलीत. राग आहे, पण रागात माहितीही पुष्कळ दिलीत, म्हणून दोन ओळींत न आटोपता सविस्तर लिहितो.

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं आधी सांगतो. हळदीच्या कार्यक्रमात दोन गाणी झाली आणि बेस एकदम मुका झाला. लाइट चालू, पंखा चालू, आवाज नाही. लेखात सांगितल्याप्रमाणे तुम्ही वायर बदलली, बेसमधली ९ व्होल्टची बॅटरी बदलली, अ‍ॅम्पच्या मागच्या सेंड आणि रिटर्न या दोन सॉकेटांमध्ये (सिग्नल बाहेर काढायचं आणि परत आत घ्यायचं सॉकेट) वायर घालून पाहिली. त्यात अर्धा तास गेला. दुसऱ्या दिवशी मिस्तरीने अ‍ॅम्पची पेटी उघडली तर आऊटपुटचे, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे, ट्रान्झिस्टर उडालेले. तुमचा सवाल असा, की "भाऊ, वायरीचं एवढं पुराण कशाले? सरळ पेटी उघडा असं लिहा ना."

तसं मी लिहिणार नाही. का, ते तुमच्याच प्रतिक्रियेतल्या तीन वाक्यांवरून सांगतो. तुम्ही ती सहज लिहून गेलात, पण सगळं त्यांतच आहे.

पहिलं वाक्य: "बंद-चालू करून पाहिलं, पण नेहमीचा टक आवाजसुद्धा आला नाही." भाऊ, तो टक म्हणजे आतला रीले, स्पीकर जोडणारा-तोडणारा आपोआप चालणारा स्विच. अ‍ॅम्प चालू केला की तो दोन-तीन सेकंद थांबतो, आऊटपुटवर डीसी करंट येत नाही ना हे बघतो, मगच स्पीकर जोडतो. आऊटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर सप्लायचा डीसी सरळ स्पीकरकडे जायला निघतो. मग रीले जोडतच नाही, म्हणून टक नाही. लाइट आणि पंखा मात्र चालू राहतात. त्यामुळे टक आला नाही, त्या क्षणी वायर बदलण्यात अर्थ उरला नव्हता. लेखात हा परिच्छेद बॅटरी आणि वायरच्या वर आहे, आणि तो मुद्दाम वर ठेवलाय. प्रत्येक अ‍ॅम्पला असा रीले असतो असं नाही, पण तुमच्याला आहे, आणि तो रोज वाजतो हे तुम्हालाच ठाऊक होतं.

त्या अर्ध्या तासाचं सांगायचं तर तोही वाचला असता. अ‍ॅम्पच्या मागे डीआय आऊटचं, म्हणजे सिग्नल सरळ मिक्सरला द्यायचं, तीन पिनांचं सॉकेट असतं. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये तो सिग्नल प्रीअ‍ॅम्पनंतर (आवाज घडवणारा पहिला भाग), पण पॉवर सेक्शनच्या (स्पीकरला ताकद देणारा पुढचा भाग) आधी निघतो. तिथून वायर सरळ मिक्सरला द्यायची. आवाज आला तर दोन गोष्टी एकदम होतात. बेस, वायर आणि प्रीअ‍ॅम्प ठणठणीत आहेत, बिघाड पुढच्या अर्ध्या भागात आहे हे कळतं. आणि कार्यक्रमही सुरू राहतो, कारण बेस आता मोठ्या साउंडमधून वाजतोय. डीआय नसेल तर हेडफोन लावून बघा. हेडफोनमध्ये आवाज आहे आणि स्पीकरला नाही, तर बॅटरीकडे जायचं कारणच नाही. मधोमध तपासलं की अर्धी पेटी एका झटक्यात बाद होते. एका टोकापासून एकेक वस्तू बदलत बसणं मी कधी सुचवलेलं नाही.

सेंड-रिटर्नमधल्या वायरीला तुम्ही जुगाड म्हणालात. जुगाडच आहे, पण कारणासकट. रिटर्नच्या सॉकेटमध्ये एक छोटी पत्ती असते. पिन घातलेली नसते तेव्हा ती टेकलेली राहून सिग्नल पुढे सोडते. आपल्याकडची धूळ, कापसाचं तूस आणि पावसाळ्यातली ओल यांनी ती पत्ती काळी पडते आणि टेकूनही टेकत नाही. अ‍ॅम्पवर बुक्की मारली की आवाज परत येतो ना, ते बहुतेक वेळा हेच प्रकरण. वायर घातल्यावर सिग्नल पत्तीला टाळून जातो. आवाज आला तर कॉन्टॅक्ट क्लिनर मारायचा (शिलाई मशीनचं तेल नव्हे, धूळ त्याला आणखी चिकटते) आणि पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करायची. तुमच्या बाबतीत हा बिघाड नव्हता, पण म्हणून तपासणी खोटी ठरत नाही.

आता दुसरं वाक्य, आणि माझ्या मते खरा मुद्दा हाच. "दोन्ही ४ ओहमचे कॅबिनेट लावलेले होते, हिवाळ्यात कधी त्रास झाला नाही."

कॅबिनेट म्हणजे स्पीकरचा खोका, आणि ओहम म्हणजे तो करंटला किती अडवतो त्याचं माप. ४ ओहमचे दोन कॅबिनेट पॅरलल (समांतर) जोडले की अ‍ॅम्पवरचा लोड २ ओहम होतो. एकाची वायर दुसऱ्या कॅबिनेटच्या मागून घेतली म्हणजे सिरीज (एकापाठोपाठ एक जोडणी) झाली, असा समज मी धुळ्यापासून रावेरपर्यंत ऐकलाय. तो चुकीचा आहे. कॅबिनेटच्या मागची दोन्ही सॉकेटं साधारणपणे आतून पॅरललच जोडलेली असतात. तुमच्या अ‍ॅम्पच्या मागे किमान ४ ओहम छापलंय, हेही तुम्हीच लिहिलंत. लोड निम्मा झाला की तेवढ्याच व्होल्टेजला करंट दुप्पट मागितला जातो, आणि त्याची उष्णता आऊटपुटच्या ट्रान्झिस्टरांना सोसावी लागते. डिसेंबरच्या रात्री हीटसिंकला गार हवा मिळते, तेव्हा हे खपून जातं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दुपारचा पारा ४५ च्या घरात असतो आणि पत्र्याच्या मांडवात रात्रीही उकाडा असतो, तेव्हा खपत नाही. हिवाळ्यात त्रास झाला नाही यावरून जोडणी बरोबर होती असं निघत नाही.

नुसतं तापून बंद पडला असता तर पंधरा-वीस मिनिटांनी थंड होऊन आवाज परत आला असता. कानबाईच्या मिरवणुकीत छोट्या जनरेटरवर चालणारे क्लास-डी, म्हणजे नव्या पद्धतीचे हलके, अ‍ॅम्प व्होल्टेज पडलं की असेच गप्प होतात आणि व्होल्टेज सावरलं की बोलायला लागतात. तुमचा परत आलाच नाही.

तिसरं वाक्य: "मिस्तरीने ट्रान्झिस्टर बदलले, पण पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच." अहो, मग पेटी उघडून काय मिळालं? तुटलेला भाग बदलला, तोडणारी गोष्ट तशीच राहिली. दुरुस्त अ‍ॅम्पला तुम्ही तेच दोन कॅबिनेट जोडलेत. तुमचा बिघाड पेटीच्या आत दिसला, पण कारण बाहेर होतं. पेटी मी पाहिलेली नाही, त्यामुळे आणखीही काही निघू शकेल. तरी पैज लावायची तर मी लोडवर लावीन.

पुन्हा दुरुस्तीला द्याल तेव्हा कॅबिनेट आधी तपासा. मीटर ओहमवर ठेवून स्पीकरच्या वायरीच्या टोकाला मोजा. ४ ओहमचा कॅबिनेट साधारण ३ ते ३.५ दाखवतो, ८ ओहमचा साडेपाच ते साडेसहा. याहून बराच कमी आकडा आला तर कॉइल जळून आतल्या आत शॉर्ट झालीय, आणि असा कॅबिनेट नवा अ‍ॅम्पही खाईल. स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, दोन्ही हातांनी हलकेच सारखा दाबा, खरखर लागली तरी तेच समजा. स्पीकरला गिटारची शील्डवाली वायर वापरत असाल तर ती आजच बाजूला काढा. त्या बारीक वायरीतून एवढा करंट गेला की ती तापते, आतलं रबर वितळतं आणि शॉर्ट होतं.

मिस्तरीला दोन गोष्टी विचारा, रागावू नका. एक, ट्रान्झिस्टर कुठून आणले? सी५२०० आणि ए१९४३ या आऊटपुट ट्रान्झिस्टरच्या जोडीचे नकली बाजारात सर्रास मिळतात, वरून हुबेहूब आणि आत चिप टिचभर. दोन, दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सिरीज बोर्डवर चालू केला का? ६० किंवा १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये ठेवून, स्पीकर न जोडता, अ‍ॅम्प चालू करायचा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. भगभगत राहिला तर आत शॉर्ट अजून आहे, आणि नवे ट्रान्झिस्टर मात्र वाचले. एलईडी बल्ब इथे चालत नाही. एसएमपीएस (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी हलका स्विचिंग सप्लाय) असलेल्या अ‍ॅम्पला ही परीक्षा लागू पडत नाही, पण तुमच्यात जड ट्रान्सफॉर्मर आहे, तेव्हा चालेल.

शेवटी, कंडेन्सरबद्दल (आतले वीज साठवणारे भाग) मी लोकांना उगाच घाबरवतो, असं तुम्ही म्हणता. प्लग काढला तरी कंडेन्सर भरलेले राहतात. एसएमपीएसमध्ये २३० व्होल्ट एसीचे सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट साठतात, ट्यूब अ‍ॅम्पमध्ये चारशे-पाचशेपर्यंत. मिस्तरी त्याच्या टेबलावर आधी ते उतरवतो, मगच हात घालतो. मांडवात, अर्ध्या उजेडात, मागे नवरीचे मामा "लवकर करा" म्हणून ओरडत असताना हे काम वाजवणाऱ्याने करायचं नाही. या बाबतीत लेखातला एक शब्दही बदलणार नाही.

तोवर एकच कॅबिनेट लावून वाजवा. आवाज थोडा कमी पडेल, तो डीआयने भरून काढा. आणि दोन्ही कॅबिनेटचं मीटरवरचं माप इथेच लिहून कळवा, म्हणजे पुढचं बोलता येईल.