बीपीची पेन्शन आणि सैनिकाचा हक्क

चवथीला घरी फोन केला तर यंदा हाच विषय, सैनिकाला बीपीसाठी कसली डिसॅबिलिटी पेन्शन, म्हणजे नोकरीमुळे आलेल्या आजाराची किंवा अपंगत्वाची पेन्शन, गोळी लागली तर समजू शकतो पण बीपी-शुगर तर बँकेतल्या माणसालाही होते ना. 2023 ला केंद्राने या पेन्शनच्या पात्रतेचे नवीन नियम आणले तेव्हापासून हे बोलणं वाढलंय, आणि आमच्या गोव्यातल्या पेडण्यात ज्यांच्या घरातलाच कोणीतरी आर्मीत नाहीतर नेव्हीत आहे तेही असंच बोलतात, याचं मला खूप वाईट वाटतं.

मी राहते अमेरिकेत, नॉरफोकला, जगातला सगळ्यात मोठा नेव्हल बेस इथे, त्यामुळे निवृत्त नौसैनिक गल्लोगल्ली. इथे सैनिकाच्या अपंगत्वाचं रेटिंग देतात, 0 ते 100 टक्के, दहा-दहाच्या टप्प्याने. क्लेमला साधारण तीन गोष्टी लागतात, आज आजार आहे, नोकरीत असताना काहीतरी घडलं होतं, आणि त्या दोघांचा संबंध आहे असं डॉक्टरचं मत. कानात सतत शिट्टी वाजते त्याचे 10 टक्के मिळतात, दिसायला माणूस धडधाकट. दोन आजार असले तर बेरीजही सरळ नाही, 50 आणि 30 चे 80 होत नाहीत, उरलेल्या 50 चे 30 टक्के म्हणजे 15, झाले 65, ते 70 धरतात. पण मला सगळ्यात पटतं ते हे की पुरावा दोन्ही बाजूंनी सारखाच पडला तर संशयाचा फायदा सैनिकाला, हे कायद्यातच लिहिलंय. 2022 च्या पॅक्ट ॲक्टनंतर, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या इथल्या कायद्यानंतर, तर इराक-अफगाणिस्तानात कचरा जाळायच्या खड्ड्यांचा धूर खाल्लेल्यांना बऱ्याच आजारांत संबंध सिद्धच करावा लागत नाही.

आणि हे काही परदेशी खूळ नाही हो. आपल्या सुप्रीम कोर्टाने 2013 ला धरमवीर सिंग केसमध्ये जवळपास हेच म्हटलंय, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीमुळेच आला असं धरायचं, नाही म्हणायचं असेल तर मेडिकल बोर्डाने कारण द्यायचं. तो शिपाई सिग्नल्सचा, म्हणजे आर्मीच्या संदेशवहन विभागाचा, ज्यांचं एक ट्रेनिंग सेंटर आपल्या पणजीतच आहे, फिट्स येतात म्हणून 1994 ला घरी पाठवलेला, म्हणजे निकालाला 19 वर्षं गेली. भरतीला छाती, डोळे, कान सगळं तपासून घेतलेला पोरगा बर्फात आणि बोटीवर वर्षानुवर्षं काढून बीपी घेऊन परत येतो, तर संबंध नाही हे सरकारने दाखवावं, त्याने का?

खोटे क्लेम असतील, इथेही असतात, इथेही यावर भांडणं चालू आहेत, क्लेम अडकतात, आणि फॉर्म भरून देतो म्हणून गरजूंकडून भरमसाट पैसे उकळणाऱ्या कंपन्याही आहेत. पण खोट्यांना पकडायला डॉक्टर नेमा, सगळ्यांनाच चोर कशाला ठरवता. डीएव्ही, अमेरिकन लीजन अशा माजी सैनिकांच्या संस्थांचे मान्यताप्राप्त लोक इथे क्लेम फुकट लिहून देतात, तसा मेडिकल कागद वाचता येणारा एक तरी माणूस पणजीत बसायला हवा. गोवा सैनिकांच्या केसेस ऐकणाऱ्या ट्रिब्युनलच्या मुंबई बेंचखाली येतं, सत्तरीतल्या म्हाताऱ्या हवालदाराने प्रत्येक नकारासाठी तिकडचा वकील कुठून शोधायचा?