आमच्या घरातला ‘ज्ञ’ आणि अमेरिकेचा व्हिसा

भाचीचा व्हिसा आला, आता निवांत लिहिते. गेले कित्येक महिने नातेवाइकांपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत जो भेटेल तो एकच सांगत होता, “आधी सगळ्या कागदांवरचं नाव एकसारखं करून घ्या.” हा सल्ला मला साफ चुकीचा वाटतो.

तिच्या नावात ‘ज्ञ’ आहे. (पूर्ण नाव लिहिलं तर ती मला ब्लॉक करेल.) पालिकेच्या जन्मदाखल्यावर तो जी-वाय, दहावीच्या मार्कशीटवर आणि पासपोर्टवर डी-एन-वाय. आडनावातला ‘व’ कुठे व्ही, कुठे डब्ल्यू. लग्न गावी झालं, नोंदणी ग्रामपंचायतीत, दाखला मराठीत. म्हणजे एकाच कागदावर नाव बिनचूक! तर दादरच्या भाषांतरकाराने इंग्रजी करताना संस्कृतचं ज्ञान पाजळून जे-एन लिहिलं. मूळ कागद देवनागरीत असेल तर भाषांतरात पासपोर्टचंच स्पेलिंग घालायला सांगा, आणि सही-शिक्का होण्याआधी वाचून घ्या. आम्हाला परत टाइप करून घ्यावं लागलं.

जावई अमेरिकन नागरिक. त्याने आय-१३० (बायकोला अमेरिकेत नेण्यासाठी नवऱ्याने करायचा अर्ज) भरताना प्रेमाने बायकोला आपलं आडनाव लावलं. पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा. शिवाय आपल्या पासपोर्टवर मधल्या नावाचा वेगळा रकाना नसतो, वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’मध्येच बसतं, ह्याने ते मिडल नेम म्हणून वेगळं काढलं. एक मुलगी, पाच आवृत्त्या.

फोर्टातला एजंट म्हणाला, गॅझेट करा (म्हणजे सरकारी राजपत्रात नावबदल छापून आणा), मग आधार, मग नवा पासपोर्ट. ताई चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात निघालीच होती, मी अडवलं. गॅझेट नाव बदलणाऱ्यांसाठी असतं. हिने कधी नाव बदललं? न बदललेलं नाव बदललं म्हणून छापून आणायचं आणि बाकीचे कागद त्याच्यामागे पळवायचे, हा कुठला शहाणपणा? आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेही असं वाया घालवायचं?

जन्मदाखल्यावर बापाच्या जागी भलताच माणूस असता, तर मीही वॉर्ड ऑफिसात ठाण मांडलं असतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात, कलम १५ मध्ये, त्या दुरुस्तीची सोय आहे. पण कारकुनाने ‘ज्ञ’ कानाला येईल तसा लिहिला, ती चूक म्हणायची की सवय?

आम्ही पासपोर्ट प्रमाण धरला. डीएस-२६० मध्ये, म्हणजे तिने स्वतः भरायच्या व्हिसाच्या अर्जात, पूर्वी वापरलेली इतर नावं विचारतात, तिथे सगळी स्पेलिंगं आणि नवऱ्याचं आडनावही लिहिलं. काही लपवलं नाही. जावयाच्या अर्जातल्या नावाबद्दल पासपोर्टची प्रत जोडून कळवलं.

खरा घोळ ताईचा होता. तिच्या लग्नात नाव बदललं, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून. कुठल्याही सरकारी वहीत त्याची नोंद नाही. भाचीच्या जन्मदाखल्यावर आई सासरच्या नावाची, पासपोर्टच्या शेवटच्या पानावर माहेरच्या. भाऊजींचं नाव जन्मापासून एकच, त्यामुळे ते पेपर वाचत बसले. ताईने मात्र नोटरीपुढे लिहून दिलं की या दोन्ही बायका मीच. स्टँप पेपर ५०० चा. पूर्वी १०० चा चालायचा, २०२४ मध्ये वाढवला. एकूण काय, तांदळातलं ते नाव इतक्या वर्षांनी ५०० रुपयांना पडलं, नोटरीची फी वेगळी.

बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीच्या वेळी अधिकाऱ्याने जन्मदाखल्यावर बोट ठेवून विचारलं, ही तूच का? ती हो म्हणाली. पुढचे सगळे प्रश्न तुम्ही भेटलात कसे, याचे.

आता ताईला लेकीकडे जायला टुरिस्ट व्हिसा हवाय. काल रात्री साडेदहाला फोन, “अगं, फॉर्मवर कुठलं नाव लिहू?” म्हटलं, कपाटातून पासपोर्ट काढ आणि एकेक अक्षर मला वाचून दाखव.