कोक, फॉइल आणि येझदीचे सायलेन्सर: एका फिरत्या मेसेजला उत्तर

जुन्या जावा-येझदी मोटरसायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. त्यात म्हटलंय: सायलेन्सर कितीही गंजले तरी बदलू नका. कोकाकोला आणि ॲल्युमिनियम फॉइलने घासा, क्रोम (वरचा चकचकीत मुलामा) परत येतं. गंज हट्टी असेल तर टॉयलेट क्लीनर लावा. आतला कार्बन काढायला सायलेन्सर भट्टीत तापवा. फारच झालं तर री-क्रोम करा, म्हणजे क्रोम नव्याने चढवून घ्या, नव्याइतकं टिकतं. आणि गाडी उभी असेल तर रोज पाच मिनिटं चालू ठेवा.

या गाड्यांचं म्हैसूरच्या कारखान्यातलं उत्पादन १९९६ साली थांबलं. मूळ सायलेन्सरची जोडी अजून गाडीवर असेल, तर ती जपलीच पाहिजे. म्हणूनच हा मेसेज खटकतो, कारण त्यातले काही सल्ले वाचवता येण्यासारखी जोडीही घालवतात.

आधी कोक आणि फॉइल. सायलेन्सरवरचं क्रोम जेमतेम अर्धा मायक्रॉन जाडीचं असतं, बहुतेकदा त्याहून कमी. पत्र्याला खरं वाचवतो तो त्याखालचा निकलचा थर, साधारण १० ते ३० मायक्रॉनचा. निकलला बारीक छिद्र पडलं की ओल पत्र्यापर्यंत जाते, पत्रा गंजतो आणि तो गंज छिद्रातून वर येऊन क्रोमवर पसरतो. असा वर पसरलेला गंज फॉइलने निघतो, हे खरं आहे. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे सहसा ओरखडेही पडत नाहीत. पण त्यासाठी साधं पाणी पुरतं. कोकमधलं आम्ल आणि साखर छिद्रांत राहिली तर उलट त्रासच.

घासून पुसल्यावर भिंग लावून बघा. डाग होता तिथे सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात. ती निकलमधली भोकं आहेत आणि कोणत्याही पॉलिशने ती बुजत नाहीत. ठिपके विरळ असतील तर पाइप धुवा, गाडी नीट तापेपर्यंत फिरवून पूर्ण कोरडा करा, गार झाल्यावर सायलेन्सरला वॅक्स लावा आणि पावसाळ्यात ते पुन्हा पुन्हा लावत राहा. अशी जोडी बरीच वर्षं चालते. ठिपके एकमेकांना भिडले असतील आणि कडेचा पोपडा नखाला लागत असेल, तर मात्र घासू नका, पोपडाच उचलून येईल.

टॉयलेट क्लीनरचा सल्ला सरळ नुकसान करणारा आहे. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा चढवण्याच्या) कारखान्यात जुनं क्रोम उतरवायला हेच आम्ल वापरतात. गंजाबरोबर क्रोमही जातं, खालचं पिवळसर निकल उघडं पडतं.

भट्टीचंही तसंच. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल जळून सायलेन्सर तुंबतो, गाडी ओढत नाही, हे बरोबर. पण आख्खा सायलेन्सर लालबुंद केला की क्रोम काळवंडतं आणि पोपडे सुटतात. मागचा नट काढून बॅफल (आवाज दाबणारी आतली नळी) बाहेर ओढा आणि तेवढाच जाळून ब्रशने साफ करा. तो कुणाला दिसत नाही, त्याचा रंग गेला तरी चालेल.

‘रोज पाच मिनिटं चालू ठेवा’ हा सल्ला सगळ्यात निरुपद्रवी वाटतो, आणि सगळ्यात जास्त सायलेन्सर यानेच सडत असावेत असं माझं मत आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. गाडी नीट तापली तर ते वाफ होऊन बाहेर पडतं. पाच मिनिटांत सायलेन्सर तापतच नाही, वाफेचं आतच पाणी होतं आणि काजळीतल्या आम्लाबरोबर तळाशी साठतं. जुना सायलेन्सर उतरवून मागच्या बाजूचा तळ स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. गाडी काढायचीच तर वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा, नाहीतर अजिबात चालू करू नका.

आता री-क्रोम. बेंड पाइपसाठी (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतच्या वाकड्या नळीसाठी) तो पर्याय चांगला आहे. सायलेन्सरचं अवघड असतं. प्लेटिंग बाहेरून चढते, आतली सड तशीच राहते. गंजाचे खड्डे काढायला बफिंग (चाकावर घासून गुळगुळीत) करावं लागतं, त्यात आधीच पातळ झालेला पत्रा आणखी पातळ होतो. आतलं ऑइल प्लेटिंगच्या टाकीतलं रसायन बिघडवतं, म्हणून जाणकार प्लेटिंगवाला वापरलेला सायलेन्सर घ्यायला कां-कूं करतो. सांध्यात अडकलेलं आम्ल काही महिन्यांनी पाझरतं ते वेगळंच. घरी क्रोम करायच्या भानगडीत तर पडूच नका, त्या द्रावणातल्या हेक्साव्हॅलंट क्रोमियमने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे.

मेसेजमध्ये ‘बेंड निळा पडला म्हणजे क्रोम हलकं’ असंही एक वाक्य आहे. निळेपणा उष्णतेने येतो. कार्बोरेटर लीन आहे का (हवेच्या मानाने पेट्रोल कमी देतोय का), टायमिंग म्हणजे ठिणगीची वेळ मागे पडलीय का, सिलिंडरपाशी नट सैल होऊन हवा शिरतेय का, हे आधी तपासा. लीन चालणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये बेंडनंतर पाळी पिस्टनची असते.

तळ सडला असेल तर नवी जोडी घ्या, त्यात कमीपणा काही नाही. घेताना वजन हातात तोलून बघा, बॅफल सुटा निघतो का ते बघा आणि जुन्याशी लांबी ताडून पाहा. बसवताना सगळे नट आधी सैल ठेवा, सिलिंडरकडचा आधी आवळा, ब्रॅकेट शेवटी. ब्रॅकेटला ताण देऊन बसवलेला सायलेन्सर वेल्डपाशी तडकतो.